ऑनलाइन तासात थेट अध्यापन: टाचण नेमकं कशाचं काढायचं?

वहीचं_पान

गेल्या महिन्यातला एक तास अजून डोक्यातून जात नाही, म्हणून थेट अध्यापनाबद्दल, म्हणजे आधी करून दाखवून मग मुलांकडून पायरी-पायरीने करून घेण्याबद्दल, हा धागा काढतेय. विषय होता भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज. ऑनलाइन तास, ४० मिनिटं, २८ मुलं. टाचण (तासाचं लेखी नियोजन) मन लावून काढलं होतं. १८ स्लाइड केल्या होत्या, प्रत्येक पायरीला वेगळा रंग. मी शिकवत गेले आणि मधून मधून "कळलं ना?" विचारत गेले. चॅटमध्ये "हो मॅडम", "हो मॅडम" येत राहिलं, अंगठे येत राहिले. शेवटची ५ मिनिटं उरली तेव्हा दोन गणितं घातली, बाकीची घरी करा म्हटलं. तास चांगला झाला असंच मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी वह्यांचे फोटो आले. २८ पैकी ६ जणांचं सगळं बरोबर होतं. ११ मुलांनी १/२ + १/३ = २/५ लिहिलं होतं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. त्यातल्या एका मुलीची वही मी बराच वेळ बघत बसले. समास आखलेला, पायऱ्या एकाखाली एक, उत्तराखाली पट्टीने दोन रेघा. तिला उत्तराची पूर्ण खात्री होती. आणि तिची ही समजूत तास चालू असताना मला कळायला काही वावच नव्हता, कारण ४० मिनिटांत मी तिच्याकडून एकही ओळ लिहून मागितली नव्हती.

टाचण पुन्हा काढून वाचलं. मी काय बोलणार ते सगळं त्यात होतं. मुलं काय करणार याची एक ओळही नव्हती. समोरासमोरच्या वर्गात हे निभावून जातं. आपण बाकांमधून फिरतो, वहीत डोकावतो, एखाद्याच्या कपाळावरची आठी दिसते आणि आपण आपोआप मागची पायरी पुन्हा सांगतो. ते टाचणात लिहिलेलं नसतं, पण घडतं. स्क्रीनवर ते आपोआप घडत नाही. जे लिहून ठेवलं नाही ते राहूनच जातं.

तेव्हापासून मी कागदाच्या मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे मी काय करणार, उजवीकडे मुलं काय करणार. उजवी बाजू आधी भरायची असा नियम केलाय. उजवीकडे "ऐकतील", "पाहतील" हे शब्द चालणार नाहीत. लिहितील, निवडतील, पाटी दाखवतील, मोठ्याने वाचतील, असं मला दिसू किंवा ऐकू येईल असंच काहीतरी हवं. डावीकडच्या कुठल्याही ३-४ मिनिटांसमोर उजवीकडे रिकामी जागा दिसली की तिथे मी थांबते आणि प्रश्न घालते.

इथे बरेच जण ऑनलाइन शिकवतात. तुमचं थेट अध्यापनाचं टाचण कसं असतं? विशेषतः "मी करून दाखवलं" आणि "आता तुम्ही करा" यांच्या मधला भाग स्क्रीनवर कसा घेता? माझा तोच भाग कच्चा आहे.

---

गणितवेडी

धाग्याबद्दल आभार. याच पाठाचं मी काय करते ते लिहिते.

पोल घेताना चुकीचे पर्याय मनाला येतील ते टाकू नका. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक चूक असली पाहिजे. २/३ + १/४ साठी माझे पर्याय असे: ३/७, ३/१२, ११/१२, आणि चौथा "मी मध्ये अडकलो/अडकले".

३/७ निवडणाऱ्याला छेद सारखे का करायचे तेच कळलेलं नाही. त्याला आकृतीवर परत न्यावं लागतं. ३/१२ निवडणाऱ्याने लसावि बरोबर काढला, पण छेद बदलल्यावर अंशही त्याच पटीत बदलायचा हे तो विसरला. त्याला आकृती नको, फक्त २/३ = ८/१२ ही एक पायरी पुन्हा हवी. दोघांची चूक आपण "चुकलं" या एकाच शब्दात मोजली तर दोघांनाही तोच पाठ पुन्हा ऐकावा लागतो आणि दोघंही कंटाळतात.

टाचणात पोलच्या खाली मी तीन ओळी लिहून ठेवते: ३/७ जास्त आले तर काय, ३/१२ जास्त आले तर काय, जवळपास सगळे बरोबर आले तर काय. ऐन तासात २८ उत्तरं समोर आल्यावर विचार करायला वेळ नसतो. तेव्हा जे सुचतं ते बहुतेक वेळा "बरं, पुन्हा एकदा बघू" एवढंच असतं.

चौथा पर्याय काढू नका. तो नसला की अडलेली मुलं अंदाजाने काहीतरी दाबतात आणि आपली फसगत होते.

---

कोपऱ्यातला_बाक

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

आपण थेट अध्यापनाचा एवढा पुरस्कार करतोय, पण ते शेवटी शिक्षककेंद्रीच ना? मुलांनी शोधावं, चुकावं, आपसात बोलून अर्थ लावावा, यासाठी आपण इतकी वर्षं बोलतोय. ऑनलाइन आलो आणि पुन्हा "मी सांगतो, तुम्ही करा" वर गेलो. वहीचं_पान ताईंच्या पहिल्या तासात जे फसलं ते थेट अध्यापनच होतं असं मला वाटतं. त्यावर उपाय म्हणून आणखी थेट अध्यापन?

---

जुनी_पाटी

कोपऱ्यातला_बाक, प्रश्न रास्त आहे. माझ्या मते ताईंचा पहिला तास व्याख्यान होता, थेट अध्यापन नव्हे. या दोहोंत गल्लत फार होते.

या पद्धतीचं बांधीव रूप १९६० च्या दशकात अमेरिकेत झीगफ्रीड एंगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं. त्यांच्या वर्गात मुलं सतत उत्तरं देत असत, सगळी एकदम, खुणेसरशी. शिक्षकाने सलग बोलत राहणं त्या पद्धतीत बसतच नव्हतं. १९६८ मध्ये तिथे प्रोजेक्ट फॉलो थ्रू नावाची मोठी सरकारी योजना सुरू झाली. गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी शिकवण्याच्या बऱ्याच पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या गेल्या. १९७७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा वाचन-गणिताच्या मूलभूत कौशल्यांत थेट अध्यापन पुढे होतं, आणि मुलांच्या आत्मविश्वासाच्या मोजमापातही ते मागे नव्हतं. त्या मूल्यमापनाच्या पद्धतीवर पुढे कडक टीकाही झाली, तेही सांगायला हवं.

दुसरं नाव बराक रोझेनशाइन यांचं. परिणामकारक शिक्षक वर्गात नेमकं काय करतात याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. २०१२ च्या लेखात ते गणिताच्या शिक्षकांबद्दल एक आकडा देतात, तो मला फार बोलका वाटतो. ४० मिनिटांच्या तासात सर्वांत परिणामकारक शिक्षक सुमारे २३ मिनिटं समजावणं, करून दाखवणं, प्रश्न विचारणं आणि उदाहरणं सोडवणं यांत घालवत. सर्वांत कमी परिणामकारक शिक्षक फक्त ११ मिनिटं. म्हणजे "कमी शिकवा, मुलांना सरावाला सोडा" हा सल्ला ऐकायला बरा वाटला तरी त्या वर्गांत नेमकं उलटं दिसलं. पण त्या २३ मिनिटांत प्रश्न आणि उदाहरणं ठासून भरलेली होती. एकपात्री प्रयोग नव्हता तो.

ताई, तुमच्या "मधल्या भागा"बद्दल. टाचणात आपण त्याला मार्गदर्शित सराव म्हणतो आणि पुष्कळदा एका ओळीत उरकतो. माझ्या अनुभवात तासाचा सर्वांत मोठा तुकडा त्यालाच द्यावा लागतो. स्वतंत्र सरावाला मुलं कधी सोडायची? रोझेनशाइन यांनी सांगितलेली खूण साधी आहे: सुमारे ८०% उत्तरं बरोबर येऊ लागली की. त्याआधी सोडलं तर मुलं चुकीच्या रीतीचाच सराव करतात. मग ती खोडायला दुप्पट वेळ जातो.

---

नवी_वही

मी शिकवायला लागून दुसरंच वर्ष आहे. एक बाळबोध प्रश्न विचारते. सगळ्यांकडून एकदम उत्तर ऑनलाइन कसं घ्यायचं? माईक उघडे केले तर गोंधळ होतो. चॅटमध्ये विचारलं तर पहिली दोन हुशार मुलं पटकन लिहितात आणि बाकीची त्यांचंच उतरवतात.

---

गणितवेडी

@नवी_वही, अजिबात बाळबोध नाही, सगळ्यांनाच ही अडचण येते.

चॅटसाठी: "उत्तर टाइप करा, पण पाठवू नका. मी 'पाठवा' म्हटलं की सगळ्यांनी एकदम." पहिले दोन दिवस कोणीतरी आधीच पाठवतं. शांतपणे पुन्हा सांगायचं. आठवड्याभरात सवय लागते आणि मग १०-१५ सेकंदांत २८ उत्तरं एकदम येतात. कोणी कोणाचं बघून लिहिलंय याची शंकाच राहत नाही. बऱ्याच मीटिंग ॲपमध्ये चॅट फक्त शिक्षकाला दिसेल अशी सोय असते. लाजऱ्या मुलांसाठी ती वापरून बघा, त्यांची उत्तरं अचानक येऊ लागतात.

लहान मुलांना टाइप करायला लावू नका. पाटी किंवा कोरा कागद, जाड खडू किंवा स्केचपेन, आणि "दाखवा" म्हटलं की पाटी कॅमेऱ्यासमोर. अक्षर मोठं काढायचं हे आधी एकदा शिकवून घ्या.

आणखी एक, प्रश्नानंतर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. ३ सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. ऑनलाइनला आवाज उशिरा पोचतो, टाइप करायलाही वेळ लागतो, म्हणून मी मनात १० मोजते. ती शांतता सुरुवातीला फार अवघड जाते. तरी बोलायचं नाही.

---

व्याकरणताई

इथे सगळं गणिताचं चाललंय म्हणून भाषेचं सांगते. हाच धडा मी व्याकरणातले प्रयोग (कर्तरी, कर्मणी, भावे) शिकवताना शिकले.

मी आधी व्याख्या द्यायचे, मग प्रत्येकी दोन उदाहरणं. मुलं वाक्य बघून पटापट सांगायची, "मुलीने पत्र लिहिले", कर्मणी! मी खूश. मग एकदा "मुलीने भावाला बोलावले" विचारलं. चॅटभर "कर्मणी". नंतर "मी पत्र लिहिले" विचारलं. चॅटभर "कर्तरी". तेव्हा उलगडा झाला. मुलांनी स्वतःचा नियम बनवला होता: कर्त्याला 'ने' दिसला की कर्मणी, नाही दिसला की कर्तरी. मी दिलेल्या सगळ्या उदाहरणांना तो नियम लागूच पडत होता! त्यात मुलांचा काय दोष? उदाहरणं मी निवडली होती.

आता उदाहरणांची निवड हाच माझ्या नियोजनाचा सर्वांत वेळखाऊ भाग आहे. जोड्या अशा लावते की दोन वाक्यांत एकच गोष्ट बदलेल.

मुलगी पत्र लिहिते. मुलगा पत्र लिहितो. (कर्ता बदलला, क्रियापद बदललं.)
मुलीने पत्र लिहिले. मुलाने पत्र लिहिले. (कर्ता बदलला, क्रियापद तसंच.)
मुलीने पत्र लिहिले. मुलीने कथा लिहिली. (कर्म बदललं, क्रियापद बदललं.)
मुलीने भावाला बोलावले. मुलीने बहिणीला बोलावले. (कर्म बदलूनही क्रियापद तसंच. इथे भावे प्रयोग येतो.)

आणि शेवटी मुद्दाम "मी पत्र लिहिले. मी कथा लिहिली." 'ने' कुठेच दिसत नाही, तरी क्रियापद कर्मामागे जातंय. इथे मुलं थबकतात, आणि मला नेमकं तेच हवं असतं.

स्क्रीनवर या जोड्या एकाखाली एक ठेवायच्या, बदललेला शब्द फक्त ठळक. बाकी कसलीही सजावट नको. आणि दुसरं वाक्य दाखवण्याआधी विचारायचं, "आता कर्ता बदलते. क्रियापदाचं काय होईल? लिहा." मुलांना उत्तर आधी द्यावं लागतं आणि मग पडताळा मिळतो. @कोपऱ्यातला_बाक, यात शोधणं नाही असं मला तरी वाटत नाही. फक्त शोधायची वाट मी आखलेली असते.

---

वहीचं_पान

@व्याकरणताई, हे वाचून मी माझी उदाहरणं काढून बघितली. १/२ + १/३, २/५ + १/३, १/४ + २/३. सगळीकडे छेदांचा सरळ गुणाकार केला की लसावि मिळतो! मुलं १/६ + ३/८ ला ४८ छेद घेतात, २४ घेत नाहीत, ते यामुळेच. ४८ ने उत्तर चुकत नाही, पण पुढे संक्षेप करताना अडतात. आणि २/७ + ३/७ दिलं तर काही जणांनी ४९ छेद केला होता. त्यांच्या दृष्टीने तोच नियम होता, कारण "इथे काहीच करायची गरज नाही" असं उदाहरण मी कधी दाखवलंच नव्हतं.

---

दुपारचा_तास

मी लाइव्ह तास कमी घेते, माझी बहुतेक शिकवणी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंवर चालते. तिथे उजवी बाजू रिकामी राहण्याचा धोका आणखी मोठा आहे, कारण समोर कोणीच नसतं.

व्हिडिओच्या लांबीबद्दल २०१४ चा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांची सुमारे ६९ लाख पाहण्याची सत्रं तपासली तेव्हा, व्हिडिओ कितीही लांब असला तरी मध्यक पाहणं (क्रमाने लावलेल्या सत्रांतलं मधलं) फार तर ६ मिनिटांचं निघालं. हे मोठ्या वयाचे, स्वतःहून आलेले शिकणारे होते, म्हणून ६ मिनिटं हा आकडा मुलांसाठी दगडावरची रेघ समजू नका. पण मी त्यावरून एक व्हिडिओ, एकच पायरी, असं ठरवलं. अपूर्णांकांच्या बेरजेचे माझे तीन तुकडे आहेत: छेद सारखे का करायचे, लसावि काढून दोन्ही अपूर्णांक बदलणं, बेरीज आणि संक्षेप. प्रत्येक तुकड्यानंतर दोन प्रश्न, आणि त्यांची उत्तरं दिल्याशिवाय पुढचा तुकडा उघडत नाही.

व्हिडिओच्या मध्येही थांबते. "आता व्हिडिओ थांबवा आणि पुढची ओळ वहीत लिहा" असं म्हणून ५ सेकंद स्क्रीनवर काहीच ठेवत नाही. सगळी मुलं थांबवतात असं नाही. पण जी थांबवतात त्यांच्या वहीत फरक दिसतो.

स्लाइडवरचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवायची माझी सवय मी प्रयत्नपूर्वक मोडली. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलंय: चित्र आणि आवाज चालू असताना तेच शब्द स्क्रीनवरही ठेवले तर समजायला मदत होण्याऐवजी अडथळा येतो. डोळे एकीकडे वाचत असतात आणि कान दुसऱ्या वेगाने ऐकत असतात. म्हणून गणित हाताने लिहीत जाते आणि बोलत जाते, लिहिलेली पायरी पुसत नाही. १८ स्लाइडमध्ये एक तोटा आहे ताई, तिसरी पायरी आली की पहिली डोळ्यांआड जाते आणि ती लक्षात ठेवण्याचं ओझं मुलावर पडतं. एकाच पानावर सगळं उतरत गेलेलं बरं.

---

लांबचा_वर्ग

एक व्यावहारिक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या वर्गात कॅमेरा सगळ्यांना चालू ठेवता येत नाही, नेट तुटतं, काही मुलं भावंडांबरोबर एकच फोन वापरतात. पोल त्या फोनवर उघडतच नाही.

म्हणून टाचणात प्रत्येक कृतीपुढे एक हलका पर्याय लिहून ठेवतो. पोल चालला नाही तर चॅटमध्ये फक्त १, २ किंवा ३. चॅटही नाही तर वहीत लिहून तासानंतर एक फोटो. अर्धवट गणितांचं एक पान मी आदल्या दिवशीच पाठवतो. तासात नेट गेलं तरी मुलाच्या हातात काम असतं. परत जोडला गेला की "चौथ्या गणितावर आहोत" एवढं सांगितलं तरी तो गाडीत चढतो. ज्यांचा तास पूर्ण बुडतो त्यांना पूर्ण रेकॉर्डिंग पाठवून उपयोग होत नाही, ४० मिनिटं कोणी बघत नाही. करून दाखवलेल्या एका गणिताचा छोटा तुकडा आणि तेच पान पाठवतो.

---

नवी_वही

अर्धवट गणितांचं पान म्हणजे नेमकं कसं?

---

लांबचा_वर्ग

पहिलं गणित पूर्ण सोडवलेलं: १/२ + १/३ = ३/६ + २/६ = ५/६. शेजारी प्रत्येक पायरीचं कारण एका वाक्यात.

दुसऱ्यात शेवटची पायरी कोरी: १/२ + २/५ = ५/१० + ४/१० = ___

तिसऱ्यात दोन पायऱ्या कोऱ्या: १/६ + ३/८ = __/२४ + __/२४ = ___

चौथं पूर्ण कोरं. पाचवं २/७ + ३/७, मुद्दाम.

आधार एकेक पायरीने काढून घ्यायचा. सोडवलेल्या उदाहरणांवर शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून पुष्कळ काम केलंय. बीजगणितावरच्या १९८५ च्या प्रयोगात सोडवलेली उदाहरणं अभ्यासलेली मुलं नंतर तशीच गणितं जास्त लवकर आणि कमी चुका करून सोडवत होती. नवख्या मुलाला कोरं गणित दिलं की त्याची सगळी शक्ती उत्तर धुंडाळण्यात जाते, रीत पाहायला उरतच नाही.

पान बनवताना मला पाऊण तास लागतो. पण एकदा बनलं की पुढच्या तुकडीला तेच चालतं, म्हणून तो वेळ मी आनंदाने देतो.

---

कोपऱ्यातला_बाक

सगळं वाचलं. जुनी_पाटी आणि व्याकरणताई, तुमचं म्हणणं पटलं, व्याख्यानाला मी थेट अध्यापन समजत होतो. तरी एक मुद्दा सोडत नाही. ज्या ६ मुलांचं पहिल्याच दिवशी बरोबर आलं त्यांचं काय? त्यांनाही लांबचा_वर्ग यांचं पान पायरी-पायरीने भरायला लावायचं?

---

जुनी_पाटी

नाही, आणि हा मुद्दा सोडूच नका. स्वेलर यांच्याच परंपरेत काल्युगा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे मांडलं की नवख्याला जो आधार उपकारक ठरतो तोच जाणकाराला अडथळा होतो. ज्याला रीत येते त्याला प्रत्येक पायरीचं स्पष्टीकरण वाचायला लावलं तर त्याचं लक्ष वाया जातं. त्या ६ जणांना पाचव्या गणितापासून सुरू करू द्या. त्यांना "दोन भिन्न छेदांचे अपूर्णांक शोधा ज्यांची बेरीज ५/६ येईल, किती जोड्या मिळतात?" असं काही द्या. तुमचं शोधणं, चुकणं, आपसात बोलणं तिथे शोभतं. ब्रेकआउट रूम (ऑनलाइन तासातल्या गटांच्या वेगळ्या खोल्या) त्यांच्यासाठी ठेवा. अडलेल्या मुलांना मुख्य खोलीत आपल्याजवळ ठेवा. पुष्कळ जण याच्या उलट करतात. ज्यांना येत नाही त्यांनाच गटात पाठवतात, आणि तिथे शिकवणारं कोणीच नसतं.

तासाच्या सुरुवातीबद्दलही थोडं. "काल आपण काय शिकलो?" असं विचारून स्वतःच उत्तर देऊ नका. तीन प्रश्न टाका, वही मिटलेली: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक आजच्या पाठाला लागणाऱ्या पूर्वज्ञानाचा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा चार वेळा वाचणारे विद्यार्थी ५ मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते. एका आठवड्यानंतर चित्र पालटलं. एकदाच वाचून तीन वेळा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१% आठवत होतं, चार वेळा वाचणाऱ्यांना सुमारे ४०%. ताईंच्या पाठाआधी लसाविचा एक प्रश्न विचारला असता तर निम्मी गाठ तिथेच सुटली असती असा माझा कयास आहे.

---

वहीचं_पान

परवा तोच पाठ पुन्हा घेतला. कसा झाला ते सांगते.

सुरुवातीला वही मिटून तीन प्रश्न. ६ आणि ८ चा लसावि विचारला तर ९ मुलांनी ४८ लिहिलं, म्हणजे गाठ खरोखर तिथेच होती. टाचणात नसलेली ५ मिनिटं मी लसाविला दिली. मग एक गणित हाताने, एकाच पानावर, बोलत बोलत सोडवलं. स्लाइड एकही नाही. नंतर गणितवेडींचा पोल: ३/७ वर ४, ३/१२ वर ८, ११/१२ वर १३, अडकलेले ३. ३/१२ साठीची ओळ टाचणात लिहिलेली होती, ती वाचली आणि २/३ = ८/१२ वर आले. दुसऱ्या पोलला बरोबर उत्तरं २३. तेव्हाच पान काढायला सांगितलं. ज्या मुलीच्या वहीबद्दल वर लिहिलं होतं तिने ३/१२ निवडलं होतं. म्हणजे ती पुढे सरकली होती, फक्त अजून पोचली नव्हती. पहिल्या तासात हे मला कळलंच नसतं. पान भरताना तिने चॅटवर, फक्त मला, लिहिलं: "वरचा पण ४ ने गुणायचा ना?"

पाठ मात्र ४० मिनिटांत संपला नाही. संक्षेप राहिला, तो पुढच्या तासाला नेला. टाचणावर लाल पेनाने "एका तासाला एकच पायरी" लिहून ठेवलंय.

लांबचा_वर्ग, पान उत्तम चाललं, पण तिसऱ्या गणितात तुम्ही २४ आधीच छापून देता. माझ्या मुलांसाठी तिथेही कोरी जागा ठेवावी का? लसावि त्यांनीच काढावा असं वाटतं, पण ९ मुलं ४८ वाली आहेत.

---

लांबचा_वर्ग

दोन पानं करा ताई. त्या ९ जणांच्या पानावर २४ छापलेलाच ठेवा आणि शेजारी ६ आणि ८ चे पाढे लिहायला दोन ओळी द्या. २४ कुठून आला ते त्यांना स्वतःच दिसेल. बाकीच्यांच्या पानावर जागा कोरी ठेवा. पुढच्या तासाच्या सुरुवातीच्या तीन प्रश्नांत ४ आणि ६ चा लसावि घाला. १२ लिहिणारे किती आणि २४ लिहिणारे किती ते इथे कळवा, त्यावरून संक्षेपाचं पान ठरवू.